बीट बैठकीचा पहिला तास

अंगणवाडी सेविकेला प्रशिक्षण मिळत नाही, ही तक्रार मला पटत नाही. प्रशिक्षण मिळतं, आणि थोडंथोडकं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एखाद्या सेविकेचा हिशोब मांडून पाहा. आधी २६ दिवसांचं जॉब ट्रेनिंग, मग काही वर्षांनी सात दिवसांची उजळणी. २०१८ मध्ये पोषण अभियान आलं आणि त्याच्यासोबत २१ पाठांची मालिका आली. एका वेळी एक विषय, राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून बीटला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आकार’ आला, त्याहून लहानांसाठी ‘आरंभ’ आला. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला, तो मोबाईलवर कसा भरायचा याचं प्रशिक्षण झालं. २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’चे शाळापूर्व तयारी मेळावे सुरू झाले. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी ‘नवचेतना’ व ‘आधारशिला’ ही दोन नवी पुस्तकं सेविकेच्या पिशवीत आली.

मी देऊळगाव राजा तालुक्यात पर्यवेक्षिका होते. यातलं बरंचसं प्रशिक्षण मी स्वतः घेतलं आणि पुढे दिलंही. त्यातलं काय टिकलं आणि काय वाहून गेलं, हे अंगणवाडीच्या चटईवर बसून बघायची संधी मला नोकरीने दिली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. सेविका खऱ्या मुलांसमोर बसून, दुसऱ्या सेविकेच्या जोडीने जे शिकते, ते टिकतं. त्यासाठी नवी योजना लागत नाही, नवं सभागृह लागत नाही. महिन्याची बीट बैठक आपल्याकडे आहेच. तिचा पहिला तास मुलांसाठी राखून ठेवला, तर पुष्कळ काम होतं.

हे का म्हणते ते सांगायला आमचा तालुका थोडा समजावून द्यावा लागेल.

बाहेरच्या माणसाला देऊळगाव राजा म्हटलं की बालाजी आठवतो. जाधवरावांच्या काळातलं मंदिर, दसऱ्याच्या सुमाराची यात्रा, लाठा मंडपोत्सव. याच तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव, आणि जिजाऊंचं सिंदखेड राजा अगदी शेजारी. पण रोजच्या जगण्यात तालुक्याची ओळख आज बियाण्यांची आहे. जालना जवळ, तिथे बियाणे कंपन्या. त्यांच्यासाठी आमच्याकडचे शेतकरी टोमॅटो, मिरची, काकडी यांचं बीजोत्पादन घेतात. रस्त्याने जाताना शेताशेतात शेडनेट दिसतात. त्या नेटमध्ये जे नाजूक काम चालतं त्याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. टोमॅटो-मिरचीच्या मादी झाडावरची उमलायच्या बेतात असलेली कळी बोटांत धरायची, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलातले पराग तिला लावायचे. झालेलं फूल ओळखू यावं म्हणून खूण करायची. हे काम बहुतेक बायाच करतात. हात हलका लागतो, नजर स्थिर लागते आणि वेळ पाळावी लागते, कारण फूल कुणासाठी थांबत नाही.

म्हणजे हंगामात आई सकाळी लवकर घराबाहेर पडते. मूल आजीच्या नाहीतर मोठ्या बहिणीच्या हाताला धरून अंगणवाडीत येतं. कधी तोंडही धुतलेलं नसतं. काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांची मुलं पटावर असतात आणि गावात नसतात. ‘पालक मेळावा घ्या’ असं प्रशिक्षणात सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण सकाळी अकराला मेळावा ठेवला तर आमच्याकडे आज्या येतात, आया येत नाहीत. एका सेविकेने तो संध्याकाळी जेवणं उरकल्यावर मारुतीच्या पारावर घेतला. मूल कसं शिकतं ते दाखवायला चार-पाच खेळ मांडले. आया आल्या, बापही लांब उभे राहून बघत होते. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती बीट बैठकीत बाकीच्या सेविकांना कळली आणि महिन्या-दोन महिन्यांत आणखी काही गावांत संध्याकाळचे मेळावे झाले.

आता बीट बैठकीबद्दल. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. एका पर्यवेक्षिकेकडे साधारण पंचवीस अंगणवाड्या असतात, त्याला बीट म्हणतात. महिन्यातून एकदा बीटातल्या सेविका एकत्र बसतात. या बैठकीत काय चालतं? मासिक अहवाल गोळा होतो. वजन-उंचीच्या नोंदी तपासल्या जातात. सॅम आणि मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, बालकांची यादी होते, टीएचआरचा, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचा, हिशोब होतो, कुणाची आधार जोडणी राहिली, कुणाचा ट्रॅकर अडकला, कुणाच्या फोनला रेंज नाही. यातली एकही गोष्ट बिनकामाची नाही. ज्या पोराचं वजन घटतंय त्याची नोंद वेळेवर झाली नाही तर त्याचा जीव जाऊ शकतो, हे मी विसरत नाही. पण एकात्मिक बालविकास योजनेच्या सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण ही एक पूर्ण सेवा आहे, आणि बैठकीत तिच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं यायची. तोवर निम्म्या सेविका एसटीची वेळ बघत पिशव्या आवरायला लागलेल्या असायच्या.

म्हणून क्रम उलटा केला. बैठक दर महिन्याला वेगळ्या अंगणवाडीत, मुलं असतानाच्या वेळेत. पहिला तास मुलांचा. रजिस्टरं पिशवीतच राहतील. सेविकांनी भिंतीकडेने बसायचं आणि प्रत्येकीने एकाच मुलाकडे बघायचं. सुरुवातीची वीसेक मिनिटं कुणी बोलायचं नाही, मुलाला काही विचारायचं नाही, यजमान सेविकेला सूचना करायच्या नाहीत. मग मुलं खिचडी खायला बसली की आपण बोलायचं: मी काय पाहिलं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, पाहिलं ते सांगायचं. शेवटी प्रत्येकीने आपल्या अंगणवाडीत करून बघायची एकच गोष्ट ठरवायची आणि पुढच्या बैठकीत तिचं काय झालं ते सांगायचं.

सुरुवातीला अवघड गेलं. गप्प बसणं सेविकेच्या अंगात नसतं. वर्षानुवर्षं तिला मुलांना म्हणायला लावायची सवय असते, ‘हात वर, हात खाली, म्हणा माझ्या मागे’. आणि आपल्या अंगणवाडीत इतक्या जणी येऊन बसणार म्हटल्यावर यजमान सेविकेला तपासणीची धास्ती वाटायची. एकीने आदल्या दिवशी सगळी भिंत नव्या तक्त्यांनी भरून टाकली होती. तीन-चार महिने गेल्यावर ही धास्ती ओसरली.

त्यातली एक सकाळ तपशिलात सांगते, कारण तिच्यामुळे आमच्या बीटात बरंच बदललं.

त्या अंगणवाडीच्या अंगणात सदाफुलीची झाडं ओळीने लावलेली होती. पाचेक वर्षांची एक मुलगी दोन बारीक काड्यांचा चिमटा करून सदाफुलीच्या कळ्या उघडत होती. सेविका बिचारी ओशाळली. “ही रोज फुलं तोडते मॅडम, किती रागावलं तरी ऐकत नाई.” मी तिला म्हटलं, आज रागावू नका, बघू या. मुलगी ओळीतल्या एकेका फुलाशी थांबत होती. चोळीला लागतो तसल्या लाल दोऱ्याचे तुकडे तिने कुठून तरी आणले होते. कळी उघडली की देठाला दोरा गुंडाळायचा आणि पुढे जायचं. एक लहान पोरगा तिच्या मागे डबीचं झाकण घेऊन फिरत होता, त्यात दुसऱ्या झाडाची फुलं होती. त्याने दोरा बांधलेल्या फुलाला हात लावला तशी ती ओरडली, “तिला नको धरू, ती झाली!” मग त्याला म्हणाली, “पाच नर आण.” त्याने चार आणले. तिने मोजले नाहीत. एकेका कळीपाशी एकेक फूल ठेवत गेली, शेवटची कळी रिकामी राहिली. “एक कमी हाय,” ती म्हणाली, आणि तो पुन्हा पळाला.

मुलं खायला बसल्यावर बोलणं सुरू झालं. एक तरुण सेविका म्हणाली, “आई करते ते ही करते. पण यात शिकणं काय झालं?” प्रश्न प्रामाणिक होता. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून बीटातल्या सगळ्यांत जुन्या सेविकाबाई बोलल्या. त्या प्रशिक्षणात सहसा तोंड उघडत नसत. त्या म्हणाल्या, “अगं, जोड्या लावल्या की तिने. आपण कार्डं देऊन लावायला सांगतो, ते तिने फुलांवर केलं. आणि दोरा बांधलेली वेगळी, न बांधलेली वेगळी. हेच तर पुस्तकात आहे.”

मग कुणीतरी ‘आकार’ची पुस्तिका काढली. ती प्रत्येकीकडे होती, प्रत्येकीने तिचं प्रशिक्षण घेतलं होतं. एकास एक संगती, वर्गीकरण, क्रम लावणं, हे शब्द सगळ्यांनी चाचणीत लिहून गुणही मिळवले होते. पण ते पान त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं गेलं असं मला वाटलं, कारण शब्द ज्याच्यासाठी होते ते मूल समोर खिचडी खात बसलेलं होतं. तरुण सेविका पान वाचत होती आणि मधूनमधून त्या मुलीकडे बघत होती. त्याच बैठकीत ठरलं की प्रत्येकीने आपल्या गावातलं मूल घरचं कोणतं काम खेळात करतं ते बघायचं. पुढच्या महिन्यात एक एक गोष्ट बाहेर आली. खडकपूर्णा धरणाकाठच्या गावातल्या सेविकेने मासे-जाळ्याचा खेळ पाहिला होता, मोठी मासळी एकीकडे, बारीक दुसरीकडे. एका गावात मुलं दगडांची वजनं करून भाजीबाजार भरवत होती. जिथे फुलं तोडल्याबद्दल रोज ओरडा बसायचा तिथे सेविकेने सदाफुलीची एक ओळ मुलांना देऊन टाकली आणि उरलेल्या झाडांना हात लावायचा नाही असा करार केला. मुलांनी तो पाळला.

असं शिकणं आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. माती, पानं, शंख-शिंपले, बिया, जे आजूबाजूला असेल ते शिकण्याचं साधन झालं. माँटेसोरींची पद्धत त्यांना ठाऊक होती, पण महागडी साधनं पाड्यावर कुठून आणणार, या अडचणीतून त्यांनी आपली पद्धत घडवली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे बालसेविकांना शिकवताना मुलं सोबत होती, पाडा समोर होता. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या आणि दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशभरात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. सेविकेला मुलांमध्ये ठेवून शिकवण्याची रीत मात्र त्या प्रमाणात गेली नाही. आज महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. एवढ्यांना कोसबाडला नेता येणार नाही हे उघड आहे, पण कोसबाडची रीत बीटात आणता येते.

आपली सध्याची पद्धत साखळीची आहे. दिल्लीतले तज्ज्ञ राज्याच्या मास्टर ट्रेनरना शिकवतात, ते जिल्ह्याच्या, जिल्ह्याचे तालुक्याच्या, आणि शेवटी आम्ही सेविकांना. संख्या बघता साखळीला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक कडीत वेळ आटतो आणि बोलणं वाढतं. वर ज्या गोष्टी करून दाखवल्या गेल्या, त्या खाली येईपर्यंत पडद्यावरच्या ओळी होतात. मी पाहिलेल्या एका प्रशिक्षणात दिवसभरात खोलीत एकही मूल नव्हतं. मुलांशी कसं बोलायचं हे सेविका एकमेकींची मुलं होऊन करून दाखवत होत्या. पन्नाशीच्या बाया बोबडं बोलत होत्या, सगळ्या हसत होत्या, वातावरण चांगलं होतं. पण मूल बनलेली सेविका विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. खरं मूल चटईची कड उसवत बसतं, शेजारच्याला चावतं, नाहीतर एकाएकी रडायला लागतं. त्या वेळी काय करायचं, हाच तर सेविकेचा रोजचा प्रश्न असतो.

पोषण अभियानातल्या २१ पाठांच्या मालिकेमागचा विचार मला मनापासून आवडला होता. थोडं शिका, करून बघा, मग पुढचं शिका. त्यात महिन्याच्या बैठकीलाच शिकण्याची जागा मानलं होतं. स्तनपान, वरचा आहार, कमी वजनाच्या बाळाची काळजी, असे विषय होते आणि घरभेटीत त्याचा उपयोग सेविकांना दिसला. सेविका बाळंतिणीच्या खोलीत जाऊन, बाळ कसं धरलंय ते बघून सांगायला लागल्या. शाळापूर्व शिक्षणालाही अशीच संथ, नियमित मालिका हवी होती. तीन दिवसांत ‘आधारशिला’ सांगून संपवता येतं, पण ते अंगवळणी पडायला दोन वर्षांच्या बैठका लागतात.

आता मदतनीस. अंगणवाडीवर लिहिणारे बहुतेक जण तिला विसरतात. लसीकरणाच्या दिवशी, प्रकल्पाच्या बैठकीला, प्रशिक्षणाला, घरभेटीला सेविका गेली की अंगणवाडी कोण चालवतं? मदतनीस. मुलाला घरून आणणारी ती, शी-शू बघणारी ती, जेवण शिजवून वाढणारी ती. कुणाच्या घरी काल भांडण झालं, कुणाचा बाप आला नाही, कुणाला ताप होता, हे सेविकेच्या आधी तिला माहीत असतं. योजनेत तिच्यासाठीही प्रशिक्षणाचे दिवस होते, पण तिला जे शिकवलं जातं ते मुख्यतः स्वच्छता आणि आहार. जणू मुलं तिच्याशी बोलतच नाहीत.

आमच्या त्या पहिल्या तासाला आम्ही यजमान गावच्या मदतनीसताईंना बसवायला लागलो. एकदा एक मदतनीस तांदूळ निवडता निवडता मुलांना गोष्ट सांगत होती. गोष्ट कुठल्या पुस्तकातली नव्हती, तिच्या सासूची होती. सुपातले खडे मुलं वेचून काढत होती आणि प्रत्येक खड्याला ती म्हणायची, “आता हा चोर पकडला, पुढे काय झालं?” पुढचं मुलं सांगत होती. बोलतच नाही म्हणून सेविकेने ज्या मुलाचं नाव काळजीने घेतलं होतं, त्यानेही दोन चोर पकडले आणि गोष्ट पुढे नेली. सेविकांपैकी दोघी-तिघींनी ती रीत लिहून घेतली. मदतनीसताई लाजून आत निघून गेल्या. त्यांना सही करता येत होती, त्यापलीकडे लिहिता येत नव्हतं, आणि त्या दिवशी त्याच आमच्या शिक्षिका होत्या.

दुपारनंतरचा काळ मला अजून अस्वस्थ करतो. अंगणवाडी सुटते, पुढे शाळाही सुटते, आणि आया दिवस मावळेपर्यंत नेटमध्ये असतात. चौथी-पाचवीतल्या पोरी धाकट्यांना कडेवर घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर, देवळात, झाडाखाली बसलेल्या असतात. काही गावांत बारावी झालेल्या, लग्न व्हायच्या मुली संध्याकाळी या पोरांना जमवून गोष्टी वाचून दाखवतात, अक्षरं घोटून घेतात, लंगडी-लगोरी खेळवतात. मातागटांच्या काही आयाही ‘पहिले पाऊल’च्या मेळाव्यानंतर हे करू लागल्या होत्या. या मुलींचं नाव कुठल्या पटावर नाही आणि त्यांना शिकवायला कुणी नाही. ऊसतोडीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, कामकरी आयांच्या लहान बाळांसाठी २०२२ पासून ‘पालना’ योजनेत पाळणाघरांची सोय आहे. मात्र आई गावातच आहे आणि दुपारनंतर घरी नाही, अशा मुलांचे तीन-चार तास कुणाच्याच खात्यात बसत नाहीत. अशा दोन मुलींना आम्ही बैठकीच्या पहिल्या तासाला बोलावलं होतं. त्या सगळ्यांत मन लावून बघायच्या, आणि त्यांचे प्रश्न आम्हाला अडवायचे. एकीने विचारलं होतं, “मॅडम, सहावीतला पोरगा आणि चार वर्षांची पोरगी एकाच वेळी माझ्यासमोर असतात. मी काय घेऊ?” आमच्या कुठल्याही पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं: मोठ्यांनी छोट्यांसाठी गोष्टीची चित्रं काढायची, छोट्यांनी त्यांवरून गोष्ट सांगायची, मोठ्यांनी ती लिहायची. ते चाललं.

नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सांगितला आहे, मोबाईल आणि वाहिन्यांवरून शिकायचा, सोबत महिन्याला एक संपर्क वर्ग. दिशा चांगली आहे. पण सेविकेचा दिवस बघा. सकाळी अंगणवाडी, दुपारी घरभेटी, मग ट्रॅकर, आणि हंगामात तिचं स्वतःचंही शेत असतं. रात्री स्वयंपाक झाल्यावर मोबाईलवर ती किती शिकणार? शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेत धरला नाही तर प्रमाणपत्र मिळेल, शिकणं होणार नाही. आणि जी सेविका वीस वर्षं मुलांमध्ये आहे, तिच्या अनुभवाची मोजदाद त्या प्रमाणपत्रात व्हायला हवी. दहावी झालेल्या, केस पिकलेल्या बाईला तुम्ही पहिल्या पानापासून सुरुवात करा असं सांगणं मला न्यायाचं वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यात न्यायालयाने शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमाचाही विचार केला होता, ज्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाचा उल्लेख आहे. सेविकांनी तो निकाल पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला, तो आहेच. मला त्यातली दुसरी बाजूही मोठी वाटते. सेविका जे करते ते कायद्यात बसणारं शिक्षणाचं काम आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. शिक्षणाचं काम करणाऱ्याला शिकायला वेळ द्यावा लागतो. प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतात, त्या दिवसाला रजा समजत नाहीत.

इटलीत रेज्जो एमिलिया नावाचं एक शहर आहे. तिथल्या नगरपालिकेच्या बालशाळा जगभर नावाजल्या गेल्या. लोरिस मालागुत्सी यांच्या विचारांवर त्या उभ्या राहिल्या. तिथे शिक्षकांच्या आठवड्याच्या कामातच मुलांशिवायचे काही तास धरलेले असतात, मुलांबद्दलच्या नोंदी समोर ठेवून एकमेकांशी बोलायला. स्वयंपाकघरातली माणसंही त्या बोलण्यात असतात. तिथला पैसा आपल्याकडे नाही हे मी जाणते. पण एका तासाला पैसा लागत नाही. आमच्या बीटात तो तास निघाला आणि अहवालही थांबले नाहीत. ते दुसऱ्या तासात गोळा झाले, एवढंच.

तास कसा मोडतो तेही सांगते, म्हणजे जे सुरू करतील ते सावध राहतील. महिनाअखेरीला वरून एखादी तातडीची माहिती मागितली जाते आणि पहिला बळी त्याच तासाचा जातो. यात्रेच्या दिवसांत, निवडणुकीच्या कामात, एखाद्या मोहिमेच्या आठवड्यात तो जातो. संप होतात, आणि मानधनासाठी सेविकांनी लढलंच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. सलग दोन महिने तास चुकला की भिंतीकडेने बसायची सवय मोडते. पर्यवेक्षिका बदलली की तो कधी कधी कायमचाच बंद पडतो. म्हणून तो कुणा एकीच्या उत्साहावर राहू नये, बैठकीच्या विषयपत्रिकेत लेखी, पहिल्या क्रमांकावर यायला हवा.

माझी प्रकल्प अधिकाऱ्यांना विनंती आहे: येत्या महिन्यातल्या बीट बैठकीचं पत्र काढताना स्थळ म्हणून एखादी चालती अंगणवाडी लिहा, वेळ मुलं असतानाची लिहा, आणि विषय क्रमांक एकसमोर ‘बालनिरीक्षण व चर्चा, एक तास’ एवढं लिहा. मदतनीसताईंनाही बोलवा आणि त्यांच्या प्रवासखर्चाची सोय करा. ग्रामपंचायत सदस्यांना विनंती आहे की गावात शाळेनंतर मुलांना सांभाळणारी, शिकवणारी एखादी मुलगी असेल तर तिला त्या दिवशी आवर्जून पाठवा, आणि तिला पुस्तकांसाठी, खडूसाठी ग्रामनिधीतून थोडी मदत करा. आणि सेविकाताई, तुम्ही हे वाचत असाल तर बैठकीची वाट बघू नका. शेजारच्या गावची सेविका तुमच्यासारखीच एकटी असते. तिला एक दिवस तुमच्या अंगणवाडीत बोलवा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जा.